जादा नऊ किलो

"काटा खोटा हाय तुमचा," मामा त्या पोरीला म्हणाले.

काउंटरच्या पलीकडं बसलेली पोर माझ्याच वयाची असेल, तेवीस-चोवीसची. निळा कोट, ओठाला लाली, छातीवर मृणाल नावाची पट्टी. ती शांतपणे म्हणाली, "सर, काटा बरोबर आहे. तुमचं नऊ किलो जादा आहे."

"मला शिकवू नका. मी काट्यावरच जलमलोय."

हे मात्र खरं होतं. मामा म्हणजे माझे सासरे, आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. मुळीक मंडळी गलाईवाली. सराफांकडचं मोडीचं सोनं, दुकानातली झाडलोट, भट्टीतली राख घ्यायची, ती आटवायची आणि त्यातलं शुद्ध सोनं वेगळं करून द्यायचं. आमच्या खानापूर-आटपाडीकडची निम्मी घरं याच धंद्यावर देशभर पसरलेली आहेत. मामांचं दुकान कोईमतूरला. तीस वर्षं त्यांनी गुंजागुंजाचं वजन केलेलं. त्यांना विमान कंपनीची पोर वजन सांगत होती.

बारा वर्षं झाली या गोष्टीला. पुण्याचा विमानतळ, मे महिना, सकाळचे साडेअकरा. माझ्या लग्नाचा तिसरा दिवस. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, कपाळाचा मळवट धुऊनही न गेलेला आणि पायांत करकरीत नव्या चपला, चावणाऱ्या.

मामांनी खिशातून दोनशे ग्रॅमचं पितळी वजन काढलं. हा माणूस लग्नातही खिशात वजन घेऊन फिरत होता. बॅग उतरवून त्यांनी ते वजन त्या काळ्या पट्ट्यावर ठेवलं. मागची रांग बघायला लागली. पडद्यावर आकडा आला, शून्य पूर्णांक दोन.

मामांनी वाकून बघितलं. पुन्हा बघितलं.

"काटा बरोबर हाय," ते म्हणाले, जणू कुणीतरी त्यांच्या थोबाडीत मारली होती.

"मी तेच म्हणते, सर."

"मग आमचं वजन कसं चुकलं? चार माणसांना पंधरा-पंधरा किलो. साठ होतात. मी घरी काट्याला टांगून भरलंय, एकोणसाठ किलो सहाशे ग्रॅम. चारशे ग्रॅम तुम्हालाच सोडलेत."

"सर, तुमची बुकिंग दोन आहेत. तुम्ही आणि सुहास सर एका बुकिंगवर, या दोघी मॅडम दुसऱ्या. एकाचं वजन दुसऱ्यात धरता येत नाही. तुमच्या दोघांचं एकोणचाळीस भरतंय, मॅडमचं वीस."

"घर एकच हाय की आमचं!"

"सिस्टीममध्ये दोन आहेत."

एका कार्डावर दोनच तिकिटांना सूट होती, म्हणून मामांनी दोन कार्डं वापरून दोनदा तिकिटं काढली होती. शहाणपणा केला आणि तोच गळ्यात आला. वजन त्यांना दशांशापर्यंत कळत होतं. नियम कळला नव्हता.

"आत्ता गं बया," तानूकाकी माझ्या कानाशी म्हणाली. "आपल्यात जागा मोकळी, यांचं बाहेर लोंबतंय, आन् ही म्हणतीया चालत न्हाई. यष्टीत टपावर टाकून मोकळं झालो असतो."

तानूकाकी माझी थोरली चुलती. नवी नवरी सासरी जाताना माहेरची एक बाई सोबत जाते, पाठराखीण. आठवडाभर राहते, पोरीला घर दाखवते, माणसं ओळखते आणि परत येते. आई जात नसते, तशी रीत नाही. बहीण मला नव्हती. म्हणून काकी. घरी चार म्हशी, तोंडाळ, पन्नाशीची, विमान पहिल्यांदा बघत होती. मीही. सासूबाई आणि बाकीचं वऱ्हाड आदल्या दिवशीच रेल्वेनं गेलं होतं. आम्ही चौघंच विमानानं, कारण मामांना सोमवार गाठायचा होता. "सोमवारी सकाळी पोचलंच पायजे," हे मी तीन दिवसांत वीसदा ऐकलं होतं. दुकान उघडायचं असेल, असं मला वाटलं.

"आणि सर," मृणाल म्हणाली, "तुमच्या चौघांच्या सीट निवडायच्या राहिल्यात. एकत्र बसायचं असेल तर त्याचा चार्ज वेगळा."

"बसायचा वेगळा?" काकी पुढं सरसावली. "मग तिकीट कशाचं हुतं गं बाय? उभं ऱ्हायाचं?"

मृणाल हसली. खरं हसली. मग पुन्हा कामाचा चेहरा केला. "आणि ती हातातली बॅग पण काट्यावर ठेवा, प्लीज. सात किलोच चालते."

मामांच्या काखेत एक तपकिरी रेक्झिनची बॅग होती. लग्न लागतानाही ती त्यांच्या काखेतच होती. व्याही भेटीला त्यांनी माझ्या वडलांना, आबांना, एका हातानं मिठी मारली, दुसऱ्या हातात बॅग. सगळ्यांना वाटलं, सोनं असेल. गलाईवाल्याच्या बॅगेत दुसरं काय असणार?

"ही हातातच ऱ्हाणार," मामा म्हणाले.

"हातातच ठेवा सर, पण वजन करायला लागेल."

नऊ किलो तीनशे.

मामांचा चेहरा उतरला आणि लगेच तापला. "तुमचा मॅनेजर कुठाय? मला मॅनेजरशी बोलायचंय." मृणालनं टोकाच्या काचेच्या खोलीकडं बोट केलं. मामांनी सुहासला हाक मारली, "बॅगेपाशी उभा ऱ्हा. कुणाला हात लावू देऊ नगंस," आणि तिकिटांचे कागद फडफडवत निघाले.

सुहास माझा नवरा. तीन दिवसांत आम्ही एकमेकांशी मोजून वीस वाक्यं बोललो असू. सत्यनारायण झाला नव्हता, तो कोईमतूरला व्हायचा होता. उंच, गोरा, जरासा पिवळसर गोरा. मऊ बोलायचा. मे महिन्याच्या उन्हात मनगटापर्यंत बटण लावलेला शर्ट. काकीनं विमानतळावर साठ रुपयांची पाण्याची बाटली घेतली होती, "साठ रुपयात म्हस पानी पिऊन वर अंघोळ करंल" असं म्हणत. तिनं ती सुहासला दिली. त्यानं बाटलीचं टोपण भरून पाणी घेतलं, तेवढंच प्यायला आणि बाटली परत दिली.

"चिमणीगत पितंय पोरगं," काकी म्हणाली.

आता तो बॅगेपाशी आला, दोन मिनिटं उभा राहिला आणि त्यानं तोंडावर रुमाल दाबला. "मला जरा... आलोच," असं म्हणून घाईघाईनं बाथरूमकडं गेला. हळदीच्या दिवशीही असंच झालं होतं. सूट शिवायला टाकलाय म्हणून सकाळी सांगलीला गेला तो संध्याकाळी आला, चेहरा पिळून काढल्यासारखा.

मृणाल म्हणाली, "मॅडम, तुम्ही बाजूला घेऊन सामान इकडचं तिकडं करता का? तुमच्या बॅगेत साडेनऊ किलोची जागा आहे. मी तोवर पुढच्यांचं घेते. काउंटर बंद व्हायला पंचवीस मिनिटं आहेत."

मी नवी सून. मला उपयोगी पडायचं होतं. हे लिहिताना अजून माझी मूठ वळते, पण तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं, की मामा परत येतील आणि बघतील, सुनेनं सगळं बसवून ठेवलंय.

आम्ही दोघींनी बॅगा खांबामागं ओढल्या. चकचकीत फरशीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत, माझं सगळं रुखवत उघडं पडलं. शेवयांचे डबे, आहेराच्या साड्या, पितळी तांब्या. एक बाई आपल्या पोराला म्हणाली, "बघ, याच्यासाठी मी नेहमी आधी वजन करते." काकीनं तिच्याकडं असं बघितलं, की ती पोराला ओढून निघून गेली.

"पैली ही हातातली हलकी कर," काकी म्हणाली. "दोन-अडीच किलो काढ. काय हाय जड?"

मी रेक्झिनची चेन उघडली. सोनं नव्हतं. एक टॉवेल, औषधांचा डबा, धोतर आणि खाली लाल फडक्यात बांधलेलं जाडजूड बाड. फायली. एकावर एक चार.

"कागद जड असत्यात. टाक आपल्यात."

मी बाड उचललं, माझ्या बॅगेत कोंबायला लागले. बसेना. फडकं सोडलं, फायली आडव्या लावू म्हटलं. वरच्या फायलीचा रबर तुटला आणि कागद फरशीवर सांडले.

मी बी. कॉम. आहे. विट्याच्या कॉलेजातलं असलं तरी इंग्रजी वाचता येतं. मी गोळा करत होते, वाचत नव्हते. पण आपलं नाव डोळ्याला लागतंच.

एका हॉस्पिटलचा छापील फॉर्म होता, शाईनं भरलेला. पेशंटचं नाव, सुहास बाबूराव मुळीक. आजार, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. डायलिसिस, आठवड्यातून दोनदा, सोमवार आणि गुरुवार. खाली दाता. सौ. वैजयंता सुहास मुळीक. नातं, पत्नी.

या नावानं मला तोवर कुणी हाकसुद्धा मारली नव्हती. माझं तिकीटही माहेरच्या नावानं होतं, कारण ओळखपत्र माहेरचं. मी तारीख बघितली. बारा फेब्रुवारी.

मला बघायला आले ते होळीच्या आधी. मार्चमध्ये.

"काय गं? काय झालं?" काकी म्हणाली. तिला वाचता येत नाही.

मी पुढचा कागद उचलला. रक्तगट, पुढं खूण. मिरजेच्या लॅबचा रिपोर्ट, खूण. लग्नाआधी आमची दोघांची रक्ततपासणी केली होती त्यांनी. आजकाल करतातच, म्हणाले. माझ्या हातातून चार नळ्या रक्त काढलं तेव्हा मी गमतीनं म्हटलं होतं, सगळंच काढून घेता का? विवाह नोंदणीचा दाखला, खूण, ताजी. काल हळदीचे हात घेऊन आम्ही ग्रामपंचायतीत गेलो होतो. आमच्या गावात लग्नाची नोंदणी पोरं शाळेत जायला लागल्यावर करतात. मामांनी दुसऱ्याच दिवशी करायला लावली. गाव म्हणालं, केवढा व्यवस्थित माणूस! दात्याची सही, तिथं रिकामी चौकट. ऑपरेशनची तारीख, एकोणीस दिवसांनंतरची.

"वाच की मोठ्यानं!"

"काकी, यांच्या किडन्या गेल्यात."

"कुणाच्या?"

"सुहासच्या. आणि माझी घालणार आहेत."

काकीनं तोंडावर पदर धरला. मग पदर काढून म्हणाली, "आसं कसं घालत्याल? इचारल्याबिगर? ती काय परड्यातली मेथी हाय?"

माझे हात थांबत नव्हते. हात आपले आपले कागद उलटत होते. तळाच्या फायलीत एक आखीव वहीचा कागद निघाला. मराठीत, मामांच्या हातचा. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, लग्नपत्रिकांवरची नावं त्यांनीच लिहिली होती. वर लिहिलेलं, ओ पॉझिटिव्ह. खाली चार रकाने. नाव, वय, वजन, शेरा.

आणि नावं माझ्या गावातली. माझ्या वर्गातल्या, माझ्या गल्लीतल्या पोरींची.

जानेवारीत यात्रेच्या वेळी शाळेत शिबिर झालं होतं. मोफत रक्तगट तपासणी, सौजन्य बाबूराव मुळीक, कोईमतूर. गलाईवाले गावासाठी काही ना काही करतातच, देवळाला कळस देतात, शाळेला फरशी देतात. यांनी शिबिर दिलं. कॉलेजच्या पोरींना तर मास्तरांनी रांगेतच उभं केलं. बोटाला सुई टोचून घेतली आणि वर एक बिस्किटाचा पुडा मिळाला म्हणून आम्ही खूश.

मी वाचलं. काकीसाठी मोठ्यानं वाचलं.

"शुभांगी निकम. लग्न ठरलेलं."

"आपल्या भानाची?"

"मनीषा. वजन कमी."

"आन् फुडं?"

"राणी देवकर. आई नर्स. नको."

"माधुरी. बाप नाही म्हणतो."

या चारी नावांवर रेघ होती. माधुरीचा बाप नाही म्हणाला. म्हणजे त्याला विचारलं होतं. म्हणजे त्याला ठाऊक होतं, आणि तो माझ्या लग्नात जेवून गेला, श्रीखंड दोनदा घेऊन गेला.

पाचवं नाव माझं होतं. त्यावर रेघ नव्हती. वैजयंता, तेवीस, चौपन्न किलो. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द.

बाप तयार.

हे मी मोठ्यानं वाचलं नाही. काकी विचारत राहिली, "तुझ्याम्होरं काय लिव्हलंय? आगं वैजू, तुझ्याम्होरं काय?" विमानतळावर घोषणा चालू होत्या, चाकाच्या बॅगा घरघरत होत्या आणि मला वाटत होतं, मी पाण्याखालून ऐकतेय. एवढं आठवतं, की शेवयांच्या डब्याचं झाकण माझ्या हातात होतं आणि मी ते पुन्हा पुन्हा लावत होते. ते लागलेलंच होतं.

मग मी आबांना फोन लावला.

"पोचला व्हय?" आबा म्हणाले.

"आबा, सुहासला काय झालंय?"

मागं म्हैस ओरडली.

"आबा."

"कुणी सांगितलं तुला?"

बस. मला एवढं उत्तर पुरलं असतं. पण माणूस जखमेत बोट घालतोच.

"तुम्हाला माहीत होतं."

"हे बघ पोरी, एकावर माणूस जगतंय. चांगलं जगतंय. डॉक्टरनंच सांगितलंय मला. लोकांस्नी जलमताच एक असती. तू घाबरू नगंस."

"तुम्ही डॉक्टरला कधी भेटलात?"

"मुळीक घिऊन गेल्ते की मिरजंला. त्यांनी काय लपवलं न्हाई माझ्यापासनं. सरळ माणूस हाय. मुलगी आन् नारळ द्या म्हणाले, एक पैसा घेतला न्हाई. वर आपल्या सतीशला सेलमला दुकान घालून देणार हायत. तुझा भाऊ मार्गी लागतोय, तुझंबी घर..."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू व्हय म्हणाली असतीस?"

"आईला माहीत आहे?"

"बायकास्नी काय सांगायचं असलं."

मी फोन बंद केला. काकीनं सगळं ऐकलं होतं, आबांचा आवाज फोनबाहेर येतो. ती फरशीवर फतकल मारून बसली, रुखवताच्या मधोमध. आबा तिचे सख्खे धाकटे दीर. तिनं त्यांना त्यांच्या लग्नाआधीपासून वाढवलेलं.

"भाड्या," ती म्हणाली. एवढंच.

आणि नेमके तेव्हा मामा आले. धावत, हसत.

"झालं काम! नऊ किलोचं माफ केलं! सगळंच्या सगळं! मॅनेजर देवमाणूस निघाला. म्हटलं, साहेब, पोरगं पेशंट हाय, डायलिसिसवर हाय, सोमवार चुकला तर जिवावर..."

त्यांना फरशीवरचे कागद दिसले.

जे मला पाच महिन्यांत सांगितलं नाही, ते त्यांनी एका अनोळखी माणसाला दोन मिनिटांत सांगितलं होतं. नऊ किलोसाठी.

"सूनबाई, ते ठेव," मामा हळू आवाजात म्हणाले. "आपण घरी जाऊन बोलू. निवांत."

"माधुरीच्या बापानं नाही म्हटल्यावर किती दिवसांनी माझ्या बापाकडं आलात?"

ते खोटं बोलले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. मग त्यांचे डोळे भरले.

"तू बापाची जागा घेऊन बघ, पोरी. माझा गट जुळत न्हाई. त्याच्या आईला साखर हाय. भाऊबंद पळून गेलं. तीन वर्सं नंबर लावलाय, नंबर येत न्हाई. एकुलतं एक हाय माझं. कुठं जाऊ मी? सांग ना, कुठं जाऊ?"

आणि तो साठीचा माणूस, पांढऱ्या टोपीचा, सगळ्या रांगांच्या समोर माझ्या पायावर वाकला. त्याची टोपी माझ्या नव्या चपलेवर पडली. लोक थांबून बघायला लागले. मी मागं सरकले तर खांब पाठीला लागला.

काकी उठली. "पावणं, उठा. पाया पडून पोरीच्या अंगातलं मागायची रीत आमच्यात न्हाई. मागायचंच हुतं तर आदी तोंडानं मागायचं हुतं."

सुहास आला तेव्हा बाप जमिनीवर, मी खांबाला चिकटलेली. तो काय झालं म्हणाला नाही. त्यानं फायली बघितल्या आणि त्याला कळलं. तोंड धुतलेलं, बाही भिजलेली. ओल्या कापडाखाली डाव्या हाताची, डायलिसिसच्या सुयांसाठी केलेली फुगीर शीर सापासारखी दिसत होती.

"तुम्हाला माहीत होतं मला सांगितलं नाही ते?" मी विचारलं.

"नाही." तो खरंच गडबडला होता, बापाकडं बघत होता. "अण्णा म्हणाले, पोरगी स्वतःहून तयार आहे. शिकलेली आहे, सगळं समजून हो म्हणालीय. मी तर म्हटलं, देवीच आहे. शपथ. तुला विचारायचं होतं मला, आभार मानायचे होते, पण अण्णा म्हणाले, लग्नाच्या गडबडीत नको."

माझा त्याच्यावर विश्वास बसला. आजही आहे. त्याच्या आवाजात जे आलं होतं ते खोटं नव्हतं. आणि त्या क्षणी, मी हेही लपवत नाही, माझं मन हललं. आम्हा दोघांनाही फसवलंय, असं वाटलं. म्हणून मी विचारलं.

"आता कळलं तुम्हाला. मी हो म्हटलेलं नव्हतं. मग आता?"

त्याचे डोळे माझ्या डोक्यावरून पलीकडं गेले, टांगलेल्या पडद्याकडं.

"बोर्डिंग सुरू झालंय," तो म्हणाला. "काउंटर बंद होईल. विमानात बोलू ना आपण."

मी त्याच्या जागी असते तर काय म्हटलं असतं? हे मी बारा वर्षं स्वतःला विचारलंय. मरणाच्या काठावरचा माणूस दोर सोडत नाही, हे मला कळतं. पण त्या दोराला डोळे होते आणि ते त्याच्याकडं बघत होते.

सुहासचं पुढं काय झालं, ते मी विचारलं नाही. गावात कुणी सांगायला लागलं की मी उठून जाते. दगडाच्या काळजाची बाई म्हणतात मला, म्हणोत. त्यांनी समोर बसून मागितली असती तर मी काय म्हटलं असतं? कदाचित हो म्हटलं असतं. तेवीस वर्षांची होते, अशा वयात माणूस काय काय देऊन टाकतो. पण तो प्रश्न माझ्यापर्यंत कुणी येऊच दिला नाही. तो माझ्या वतीनं मिरजेत सुटला.

"मॅडम," मृणाल काउंटर सोडून आली होती. तिनं सगळं ऐकलं असणार, कारण ती आता कुणालाच सर म्हणत नव्हती. "तुमच्या दोघींच्या बॅगा अजून आत गेल्या नाहीत. तुम्ही प्रवास करताय का?"

मामा उठून उभे राहिले. "करतीया, करतीया! तिकीट काढलंय! ते काय परत मिळत नसतंय, ऑफरचं हाय!"

त्यांच्या तोंडून ते निघालं, आणि निघाल्यावर त्यांनाच कळलं आपण काय बोललो. पण निघालं.

"नाही," मी म्हटलं. "करत नाही."

शेवयांचे डबे बॅगेत भरले. साड्या कोंबल्या. फायली उचलून सुहासच्या हातात दिल्या, चारी. तो आखीव कागद तेवढा घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला. तो मला गावात लागणार होता. राणीच्या आईला दाखवायला, मास्तरांना दाखवायला आणि माझ्या आईला वाचून दाखवायला, तिला वाचता येत नसलं म्हणून काय झालं. सुहासनं माझा हात धरला नाही, हाक मारली नाही. फायली छातीशी घेऊन तो काउंटरकडं वळला, कारण त्याला खरंच सोमवार गाठायचा होता.

आत आलेल्या माणसाला विमानतळावरून असंच बाहेर जाता येत नाही, हे मला तिथं कळलं. कंपनीचं माणूस सोबत लागतं आणि दारावर नोंद होते. मृणाल आमच्यासोबत चालत आली, काकीच्या हातातली बॅग तिनं स्वतः ओढली. दारापाशी बंदूकधारी जवान, टेबलावर मोठी वही. त्यानं माझं तिकीट बघितलं, माझा चुडा बघितला, मळवट बघितला.

"क्यों वापस जा रहे हो? यहाँ कारण लिखना पड़ता है."

मी वहीत बघितलं. रकाना अगदी लहान होता.

"तबियत खराब है क्या?" त्यानं जरा मऊ आवाजात विचारलं. "वही लिख दूँ?"

"न्हाई, न्हाई," काकी माझ्या आणि वहीच्या मध्ये घुसली. "तबेत येकदम बेस हय सायेब. दोनी किडन्या जाग्याव हय. म्हणूनच भाईर चाललोय."

जवानानं मृणालकडं बघितलं. मृणाल म्हणाली, "लिख दीजिए, यात्री ने मना किया."

त्यानं तसं लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. त्या पाच महिन्यांत माझं म्हणणं लिहून घेऊन कुणी माझी सही मागितली असेल तर ती त्या जवानानं. मी केली. दार सरकलं, बाहेरचं ऊन तोंडावर आलं आणि काकी म्हणाली, "चल, आता स्वारगेट कुणीकडं ते इचार."